निखळलेला खांदा आणि घागरीखालची चुंबळ



मागच्या लेखानंतर कच्च्या केळ्याच्या पावभाजीबद्दल इतक्या जणींनी विचारलं की पुढचा लेखही स्वयंपाकघरातलाच लिहायचा असं ठरवलं होतं. पण गेली दोन-अडीच वर्षं आमच्या घरात जे चाललंय ते लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचेना. थोरलीला विचारलं, "लिहू का गं तुझ्या खांद्याबद्दल?" ती म्हणाली, "लिही. पण तू मला काय काय बोललीस तेही लिही." तेव्हा तेही लिहिते.

लेक अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. कॉलेजच्या कबड्डीच्या सामन्यात चढाई करून परत फिरताना समोरच्या मुलीने तिचा उजवा हात मनगटापाशी धरला. ही पुढे, हात मागे. हात वर आणि मागे असा पिरगाळला गेला आणि ती खाली बसली. मला फोन आला तेव्हा मी पापड लाटत होते. जाऊन बघते तर ती डाव्या हाताने उजवा हात उचलून धरून बसलेली. खांद्याची गोलाई गेलेली, एकदम चौकोनी दिसत होता, आणि पुढच्या बाजूला काखेच्या वर एक गोळा आलेला. ती रडतही नव्हती. नुसती पांढरी पडली होती.

मैदानावरच कोणीतरी सांगितलं, पलीकडच्या गावात एक हाडवैद्य आहेत, पाच मिनिटांत बसवतात. आम्ही नेलं. त्यांनी तिला चटईवर आडवं केलं, तिच्या काखेत स्वतःची टाच रोवली आणि हात धरून ओढला. खट् असा आवाज झाला आणि लेकीचा चेहराच बदलला, इतकं दुखणं एकदम उतरलं. आम्ही नारळ ठेवला, दक्षिणा दिली, लेप लावून घेतला आणि घरी आलो. एक्स-रे काढायचा असतो हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. बसला ना? मग झालं. आठव्या दिवशी घरात लग्न होतं. गळ्यात झोळी अडकवलेली मुलगी फोटोत कशी दिसेल म्हणून ती झोळी मीच काढून ठेवली.

दुसऱ्यांदा खांदा निखळला तो सात महिन्यांनी, एस.टी.त. वरचा दांडा धरून उभी होती, ड्रायव्हरने ब्रेक मारला. तिसऱ्यांदा कुडता डोक्यावरून काढताना. कुडता काढताना! तिने बाथरूममधून हाक मारली तेव्हा मला खरंच वाटलं की हे नाटक आहे, कारण त्या दिवशी तिचा गणिताचा पेपर होता. मी म्हणाले, "तुझा खांदा बरा परीक्षा बघून निखळतो." हे तिने विसरायला तयार नसलेल्या वाक्यांपैकी पहिलं.

दुसरं बस्तीतलं. आमच्या बस्तीच्या दारातली घंटा बरीच उंच आहे. लहानपणी उड्या मारून वाजवायची. आता तिचा हात सहज पोचतो, पण ती वाजवेनाशी झाली होती. मी दोन-चारदा पाहिलं आणि एकदा सगळ्यांसमोर बोलले, "कॉलेजात गेलीस म्हणून घंटा वाजवायची लाज वाटते का?" ती काही बोलली नाही. वेणी घालणं सोडून तिने केस कापून घेतले होते, दोरीवरचे कपडे काढायला धाकट्याला पाठवायची, रात्री उजवा हात उशीखाली दाबून झोपायची. मी याला आळस, फॅशन आणि विचित्र सवय अशी तीन वेगवेगळी नावं दिली होती. एकच कारण असेल हे मला सुचलं नाही.

चौथ्यांदा झोपेत निखळला. पहाटे तीनला. त्या दिवशी आमचे हे म्हणाले, आता हाडवैद्य नाही, मिरजेला जायचं.

मिरजेच्या डॉक्टरांनी खांदा बसवून, एक्स-रे काढून आठवड्याने परत बोलावलं आणि मग एक तपासणी केली. ती मी जन्मभर विसरणार नाही. तिला आडवं झोपवलं, हात बाजूला घेऊन कोपरात काटकोनात वाकवला आणि चेंडू फेकताना जातो तसा हळूहळू मागे झुकवायला लागले. डॉक्टर खांद्याकडे बघतच नव्हते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. थोडा हात मागे गेला आणि तिचे डोळे मोठे झाले, तिने डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं, "नको, जाईल." मग त्यांनी एक तळहात खांद्याच्या पुढच्या बाजूने दाबून धरला आणि तेवढाच हात तेवढाच मागे नेला, तर चेहरा एकदम सैल. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय का यापेक्षा भीती वाटते का, हे मला बघायचं होतं."

पाठशाळेत आपण आहार, भय, मैथुन, परिग्रह अशा चार संज्ञा पाठ केल्या. भय म्हणजे मनाचं दुबळेपण असंच मी धरून चालले होते. इथे तर डॉक्टर भीतीवरून रोग ओळखत होते. तिचा खांदा तिला खरं तेच सांगत होता आणि ती ते ऐकत होती. मी तेवढी ऐकत नव्हते.

आता हा सांधा कसा असतो ते सांगते, कारण मला ते कळल्यावरच सगळं समजलं. मांडीचा सांधा उखळात मुसळ बसावं तसा खोल असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोसंब्याएवढा धरा, तर तो ज्या वाटीत बसतो ती वाटी म्हणजे नुसती उथळ बशी. गोळ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा एका वेळी बशीला टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आपण स्वतःची वेणी घालू शकतो, पाठीवरचा हूक लावू शकतो, माळ्यावरचा डबा काढू शकतो. शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हाच, आणि मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळणाराही हाच.

मग तो एरवी जागेवर राहतो कसा? तुम्ही विहिरीवरून पाणी आणलं असेल किंवा आजीला आणताना पाहिलं असेल. गोल बुडाची घागर ओट्यावर ठेवली तर कलंडते. खाली चुंबळ ठेवली की बसते. खांद्याच्या बशीच्या काठालाही कूर्चेसारख्या चिवट पेशींची अशीच एक चुंबळ असते. तिला लॅब्रम म्हणतात. तिच्याभोवती अस्थिबंधांची पिशवी आणि त्यावरून गोळ्याला चारी बाजूंनी धरून ठेवणारे चार स्नायू, त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. चुंबळ, पिशवी आणि चार जणींचे हात. घागर या तिघांवर उभी.

बहुतेक वेळा खांदा पुढच्या बाजूला निखळतो, शंभरात पंच्याण्णव वेळा तरी. तरुण वयात तो असा जोराने पुढे गेला की जाताजाता पुढची चुंबळ हाडावरून उपटून काढतो. हाडवैद्यांनी किंवा डॉक्टरांनी गोळा परत जागेवर ठेवला तरी चुंबळ आपल्या जागी येतेच असं नाही. बहुधा ती घसरलेल्या जागीच चिकटते. म्हणजे घागर ओट्यावर उभी, पण खालची चुंबळ एका बाजूला सरकलेली. लांबून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. धक्का लागला की कलंडते. खांदा बसला म्हणजे बरा झाला, ही आमची समजूत इथे चुकली होती.

मी डॉक्टरांना घाबरत विचारलं, "मी आठव्या दिवशी झोळी काढली म्हणून हे झालं का?" कितीतरी रात्री मी याच विचाराने जागी होते. ते म्हणाले, झोळी दोन-तीन आठवडे ठेवायला हवी होती, पण आणखी महिनाभर ठेवली असती तरी खांदा परत निखळला नसता असं नाही. विशीच्या आतल्या खेळणाऱ्या मुलांमध्ये एकदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून खूप जास्त असते, झोळी कितीही दिवस बांधा. "तुमचं चुकलं ते वेगळंच," ते म्हणाले. "एक्स-रे न काढता ओढू दिलं. हाड मोडलेलं असतं आणि ओढलं असतं तर? आणि नंतर दाखवायला आणलं नाहीत." दर वेळी निखळताना बशीचा पुढचा काठ थोडा थोडा झिजतो आणि गोळ्याच्या मागच्या बाजूला खड्डा पडतो. तीनदा निखळलेल्या खांद्यापेक्षा तेराव्यांदा निखळलेला दुरुस्त करणं अवघड. माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं, पण दुसरं निदान खरं होतं.

या चुंबळीच्या दुखापतीला बँकार्टचं नाव आहे. ब्लंडेल बँकार्ट हे लंडनचे शल्यविशारद. १९२३ साली त्यांनी लिहिलं की वारंवार खांदा निखळण्याचं मूळ या उपटलेल्या काठात आहे. गोळ्याच्या मागच्या खड्ड्याला हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन क्ष-किरणतज्ज्ञांची नावं मिळाली, ते १९४० चं. माझ्या यजमानांना वाचनाचा नाद आहे, त्यांनी सुश्रुतसंहिता काढली. त्यात निखळलेल्या सांध्याला संधिमुक्त म्हटलंय आणि त्याचे सहा प्रकार दिलेत. खांद्यासाठी सांगितलंय की काख मुसळाने वर उचलायची आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराची पट्टी बांधायची. पट्टी! आपल्या हाडवैद्यांकडे ओढणं उरलं आणि बांधणं लेपावर भागलं, असं मला वाटतं. अर्थात मीच ती सोडली होती, त्यामुळे जास्त बोलत नाही.

एम.आर.आय.मध्ये चुंबळ उपटलेली स्पष्ट दिसली. हाड किती झिजलंय ते बघायला सी.टी. स्कॅन केला. झीज थोडी होती म्हणून दुर्बिणीतून चुंबळ परत शिवता येणार होती. बशीचं हाड पाव हिश्श्याच्या आसपास गेलेलं असेल तर नुसतं शिवून टिकत नाही, मग शेजारच्या हाडाचा एक तुकडा स्नायूसकट आणून काठावर स्क्रूने बसवतात. ती पद्धत फ्रान्समधल्या लातार्जे यांची, १९५४ ची. आमच्यावर ती वेळ आली नाही. आणखी दोन वर्षं मी पेपरच्या तारखा मोजत बसले असते तर आली असती.

ऑपरेशन करायचं की नाही यावर घरात महिनाभर चर्चा चालली. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणतो, त्यांचं एकच म्हणणं, "कबड्डी सोड. कशाला चिरफाड?" त्यावर लेक म्हणाली, "अव्वा, कबड्डी सोडते. झोपणं कसं सोडू?" त्यानंतर अव्वा काही बोलल्या नाहीत.

आता ज्या गोष्टी आपल्यापैकी प्रत्येकीच्या मनात येतात आणि दवाखान्यात विचारायला संकोच वाटतो, त्यांबद्दल. मी विचारल्या. पहिली, टाके कशाचे? कॅटगट नावाचा जुना धागा जनावरांच्या आतड्यापासून करतात. डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले, यात सगळे धागे कृत्रिम आहेत. हाडात रुततात ते बारीक अँकर, त्यांना जोडलेला मजबूत कृत्रिम धागा, त्या धाग्याने चुंबळ परत काठाला बांधायची. आमच्याकडे तीन अँकर लागले. (त्यांचं बिल वेगळं असतं. आधीच विचारा, नंतर धक्का बसतो.) दुसरी, कॅप्सूल. तिचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. त्याऐवजी गोळी किंवा पातळ औषध मिळतं का, हे डॉक्टरांनाच विचारायचं, आपल्या मनाने कॅप्सूल फोडून पूड घ्यायची नाही. आम्हाला सगळ्याला गोळ्या मिळाल्या.

तिसरी गोष्ट रात्रीची. हिची सकाळी शस्त्रक्रिया झाली. भूल देताना मानेपाशी एक इंजेक्शन देतात, त्याने पूर्ण हात बधिर राहतो. संध्याकाळपर्यंत ती हसत होती, हात कोणाचा तरी वाटतो म्हणत होती. नर्स बजावून गेली होती की बधिरपणा उतरायच्या आत वेदनेची गोळी द्या, एकदा दुखणं चढलं की आवरत नाही. गोळीची वेळ रात्री दहाची. लेकीला लहानपणापासून रात्रीभोजनाचा त्याग, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. ती म्हणाली, सकाळी घेते. मी गोळी हातात घेऊन उभी. साडेअकराला तिने ओठ चावायला सुरुवात केली, तरी नाहीच म्हणेना. मी घरी फोन लावला. अव्वा, ज्यांनी माझ्या लग्नानंतर मला पहिल्या आठवड्यात सूर्यास्ताच्या वेळा पाठ करायला लावल्या होत्या, त्या म्हणाल्या, "फोन तिच्या कानाला लाव." काय बोलल्या ते मला अर्धंच ऐकू आलं. "नियम घेतानाच औषधाची सूट ठेवायची असते, ती मी तुझ्या वेळी सांगायची विसरले. माझी चूक. घे गोळी." लेकीने गोळी घेतली, दोन घोट गाळलेलं पाणी घेतलं. उरलेल्या दिवसांत डॉक्टरांनी वेळापत्रक बदलून दिलं. पहाटे, दुपारी आणि सूर्यास्ताआधी, अशा वेळा बसल्या. विचारलं तर बहुतेक वेळा बसतात.

झोळी साडेचार आठवडे होती. हे दिवस कसे गेले ते आईलाच माहीत. पाठीला तीन उशा लावून टेकून झोपायचं, आडवं नाही. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. पुढे बटणं असलेले कुडते शिवून घेतले. बोटं, मनगट, कोपर हलवत राहायचं, नाहीतर ते आखडतात. काखेत घाम साचून लाली आली, तर खाली वाकून हात नुसता लोंबकळत ठेवून धुवायचा. केस आता परत वाढले होते. एकोणीस वर्षांच्या मुलीची वेणी मी रोज सकाळी घालत होते, आणि त्या दहा मिनिटांत ती मला एकेक गोष्ट सांगत होती. परीक्षेच्या दिवशीची, घंटेची. मी मागे उभी असायचे म्हणून तिला सोपं जात असावं. मलाही.

मग फिजिओ मॅडम. खरं काम इथून पुढे असतं, आणि निम्मी माणसं इथेच सोडतात. पहिल्यांदा वाटलं, दंडाचे व्यायाम देतील. त्यांनी सुरुवात पाठीपासून केली. बशी ज्या हाडाला आहे ते पाठीवरचं खांद्याचं पातं नीट बसलं नाही, तर वरचा गोळा कितीही नीट असला तरी तोल जातो. ताठ उभं राहायचं, हात दोन्ही बाजूंना सैल सोडायचे, पाती हलकेच मागे आणि खाली. लेक हसायला लागली, "मॅडम, हे तर कायोत्सर्ग." कुंभोजच्या बाहुबलींची २८ फुटी मूर्ती आठवा, हात कसे मोकळे सोडलेले. व्यायामाला तेच नाव पडलं. नंतर काखेत गुंडाळलेला नॅपकिन धरून रबरी पट्टा आत-बाहेर ओढणं, भिंतीला हात लावून दंड काढणं, हळूहळू वाढवत. हात वर करून मागे नेण्याला मात्र तीन महिने बंदी.

त्यांच्याकडे दुसरी एक मुलगी यायची, भरतनाट्यम शिकणारी. दोन्ही खांदे सटकायचे, पुढे, मागे, खाली, कुठेही, आणि ती कधी पडलीच नव्हती. मला वाटायचं, हिचं तर आमच्यापेक्षा वाईट, मग हिचं ऑपरेशन का नाही? मॅडमनी समजावलं, हिची चुंबळ फाटलेली नाही, हिची पिशवीच जन्मतः सैल आहे. अशांना आधी सहा महिने तरी नेटाने व्यायाम, ऑपरेशन शेवटी आणि क्वचित. सैल पिशवी शिवून आवळली तरी ती परत सैल होऊ शकते, पण चार जणींचे हात बळकट केले तर घागर धरून ठेवतात. त्या मुलीचा हात खाली ओढला की खांद्याच्या टोकाखाली एक खळगी पडायची. अंगठा मागे वाकवून हाताला टेकायचा, करंगळी काटकोनाच्या पलीकडे जायची. मी घरी येऊन सगळ्यांचे अंगठे वाकवून पाहिले. थोरलीचा नाही टेकला. माझा टेकला, धाकट्याचा तर इतका सहज की शाळेत तो ही करामत दाखवून गोट्या जिंकतो म्हणे. आता त्याला ताकीद आहे. सांधा मुद्दाम सटकवून दाखवणारी मुलं असतात ना, त्यांना हसून दाद देऊ नका, सवय लागते.

नातेवाइकांना कळल्यावर पाच जणींनी मला फ्रोझन शोल्डरचे व्हिडिओ पाठवले. भिंतीवर बोटांनी चढा, काठीने हात मागे ढकला. प्रेमाने पाठवले, पण हा रोग बरोबर उलटा आहे. आखडलेला खांदा घट्ट पिशवीचा, तो ताणायचा असतो. हा सैल, याला ताणलं तर नुकतं शिवलेलं उसवेल. मधुमेह असलेल्या आपल्या वयाच्या बायकांत आखडलेला खांदा जास्त दिसतो, म्हणून प्रत्येक खांद्याला आपण तेच नाव देतो.

आणि आपल्या वयाचं म्हणाल तर चाळिशीनंतर बाथरूममध्ये घसरून खांदा निखळला तर परत परत निखळण्याची भीती मुलींपेक्षा कमी, पण त्या चार स्नायूंपैकी एखादा फाटण्याची जास्त. खांदा बसवून दोन-तीन आठवडे झाले आणि हात स्वतःहून वर उचलता येत नसेल, तर वयामुळे असेल म्हणून सोडून देऊ नका, सोनोग्राफी किंवा एम.आर.आय. करायला सांगा. फिट आल्यावर किंवा विजेचा झटका बसल्यावर खांदा मागच्या बाजूलाही निखळतो. तो साध्या एक्स-रेत चटकन नजरेत येत नाही, तेव्हा झटक्याचं डॉक्टरांना जरूर सांगायचं.

ऑपरेशनला आता आठ महिने झाले. ती कबड्डी खेळत नाही, पण तो तिचा निर्णय. डॉक्टरांनी सहाव्या महिन्यानंतर परवानगी दिली होती. व्हॉलीबॉल खेळते. घंटा अजून डाव्या हातानेच वाजवते.

दोन आठवड्यांपूर्वी रात्री शेजारच्या बाईंनी धावत येऊन हाक मारली. त्यांचा मुलगा सायकलवरून पडला होता, खांदा तसाच चौकोनी. त्याचे काका हात धरून ओढायच्या तयारीत होते, "मी बसवतो, सोपं असतं." लेक माझ्या आधी पोचली आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. "काका, ओढायचं नाही." तिने हात होता त्याच स्थितीत ठेवून कोपराखाली छोटी उशी सरकवली आणि माझ्या ओढणीने हात छातीशी बांधला. दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का विचारलं, बोटं हलवून घेतली, कारण निखळताना तिथली नस दबते. त्याची आई पाणी आणायला धावली, तर म्हणाली, "काकू, आत्ता काही देऊ नका. भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं." फडक्यात बर्फ गुंडाळून वरून ठेवला आणि आमच्या गाडीतून निघालो. उशीर झाला की स्नायू आवळतात आणि बसवणं जड जातं.

दवाखान्यात आधी एक्स-रे झाला. गोळ्याजवळ हाडाला बारीक तडा होता. काका बाकावर बसून तो फोटो बराच वेळ बघत राहिले. मुलाला भूल देऊन हळुवार बसवलं, परत एक्स-रे काढला. परतताना त्याच्या आईने लेकीला विचारलं, "आता बसला ना? शाळेत उद्या पाठवू?"

"बसला," लेक म्हणाली. "पण चुंबळ बघायची राहिलीय, काकू. पुढच्या आठवड्यात मी येते तुमच्याबरोबर."